गाडी चुकली

परदेशातून परतलेल्या माणसाला आपल्या समाजात पहिला प्रश्न विचारला जातो तो जेवणाचा. थंडीची चौकशी त्यानंतर होते आणि पाहिलेल्या स्थळांची सर्वांत शेवटी. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही स्वित्झर्लंडहून अकोल्याला परतलो तेव्हा आमचीही याच क्रमाने विचारपूस झाली. जेवणाचे उत्तर सोपे होते. आमचा सारा समूह जैन कुटुंबांचा, सोबत स्वयंपाकी महाराज. पंधरा दिवसांत कांदा, लसूण, बटाटा ताटाच्या वाटेलाही आले नाहीत. थंडीचेही वर्णन रंगवून सांगता येत असे. स्थळांविषयी बोलताना मात्र मी युंगफ्राऊपर्यंत येऊन थांबत असे. त्याच्या दुसऱ्या दिवशी जे घडले ते घराबाहेर सांगायचे नाही, असे ठरले होते. हे ठरवणारा सदस्य तेव्हा चौदा वर्षांचा होता. आज तो सीएच्या परीक्षेची तयारी करीत आहे आणि त्याने मला लिहिण्याची परवानगी दिली आहे, परंतु एका अटीवर. ती अट ओघाने येईलच.

आम्ही तिघे गेलो होतो: मी, माझी पत्नी आणि नातू. मुलाची डाळमिल आहे; ती पंधरा दिवस दुसऱ्यावर सोपवून येणे त्याला शक्य नव्हते आणि सुनेला धाकट्या नातीमुळे घर सोडता येत नव्हते. अकोला स्टेशनवर निरोप देताना सून मला म्हणाली, "बाबा, त्याच्याकडे लक्ष ठेवा." त्याच वेळी दोन पावलांवर मुलगा आपल्या मुलाला सांगत होता, "आजोबांकडे लक्ष ठेव रे." मी ते ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले.

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या मनुष्याच्या काही सवयी निवृत्तीनंतरही जात नाहीत. तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्यांनी उघडते. कोणा एकाच्या हाती सर्व काही असू नये, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. प्रवासातही मी तो लागू केला होता. पासपोर्ट, तिघांची तिकिटे, पैसे आणि तेथील सिमकार्ड असलेला एकमेव फोन माझ्या गळ्यातील पिशवीत. खाण्याचे डबे आणि उकळलेल्या पाण्याचा थर्मास नातवाच्या पाठीवरील सॅकमध्ये, कारण आमच्यात खांदे त्याचेच भक्कम. ही व्यवस्था मला इतकी निर्दोष वाटत होती, की समूहातील इतरांनाही मी ती समजावून सांगितली होती.

आमचा मुक्काम इंटरलाकेनला होता. ठुन आणि ब्रिएन्झ या दोन सरोवरांच्या मधले हे गाव. युंगफ्राऊयोख हे ३,४५४ मीटर उंचीवरील रेल्वेस्थानक आदल्या दिवशी पाहून झाले होते. डोंगराच्या पोटातून वर जाणारा तो मार्ग १९१२ साली पूर्ण झाला. त्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, मी भर घालीत नाही. संध्याकाळी उजेड संपता संपत नसे. मे महिन्यात तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांना अचानक श्रीमंती आल्यासारखे झाले होते. समूहातील एक काका मात्र मनगटावर अकोल्याच्या वेळेचे वेगळे घड्याळ बांधून होते आणि त्या घड्याळात साडेसहा वाजले की, म्हणजे तिथे ऐन दुपारी तीनच्या सुमारास, हात धुऊन मोकळे होत. महाराजांनी त्यांच्यासाठी दुसरी चूल मांडायची काय, असे एकदा विचारलेही.

दुसरा दिवस मोकळा होता. लाउटरब्रुनेनच्या दरीत श्टाउबबाख नावाचा जवळजवळ तीनशे मीटर उंचीचा धबधबा आहे. १७७९ साली जर्मन महाकवी गटे तो पाहून गेला आणि त्यावरून त्याने कविता लिहिली. आपण तिघांनीच रेल्वेने जाऊन तो पाहावा, असे मी ठरवले. आदल्या रात्री मार्गदर्शक पुस्तक उघडून पत्नीला आणि नातवाला माहितीही दिली. लाउटरब्रुनेनकडून येणारी ती पांढरी ल्युचिने नदी, ग्रिंडेलवाल्डकडून येणारी ती काळी ल्युचिने. पाटीच्या दगडाची भुकटी वाहून आणल्यामुळे हिचे पाणी काळसर दिसते. दोघींचा संगम होतो त्या गावाचे नावच त्स्वायल्युचिनेन, म्हणजे दोन ल्युचिने. नातू मोबाइलवर खेळत होता. मी दोनदा विचारले, "ऐकतो आहेस ना?" त्याने दोनदा "हो" म्हटले. त्या "हो"ची किंमत मला ठाऊक होती, असे मी तेव्हा समजत होतो.

त्या दिवशी चौदस होती. पत्नीचे एकासन होते. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचे आणि प्यायचे तेही उकळलेलेच पाणी. महाराजांनी पहाटे उठून दशम्या, कोरडे पिठले, मुगाची उसळ आणि आमच्यासाठी चिवडा व खाकरे बांधून दिले. थर्मास भरला. सॅक नातवाच्या पाठीवर चढली.

इंटरलाकेनच्या पूर्व स्थानकावर निळ्या-पिवळ्या रंगाची गाडी उभी होती. ही बर्नर ओबरलांड रेल्वे १८९० साली सुरू झाली आणि १९१४ पासून विजेवर धावते. रुळांची रुंदी एक मीटर, म्हणजे आपल्या जुन्या अकोला-खंडवा मीटरगेजएवढीच. चढ जेथे उभा होतो तेथे मधोमध दातेरी पट्टी असते आणि गाडीचे दातेरी चाक त्यात अडकून गाडी वर चढते. हे सर्व मी फलाटावर उभा राहून सांगत होतो. नातवाला पुढचा एक डबा रिकामा दिसला. तेथे मोठ्या खिडकीजवळ जागा होती. "आजोबा, मी तिकडे बसू?" त्याने विचारले. मी उदारपणे म्हणालो, "बस कुठेही. गाडी एकच आहे."

फलाटावर अ आणि ब असे दोन भाग दाखवणाऱ्या पाट्या होत्या. डब्यांवर वेगवेगळ्या गावांची नावे होती. ध्वनिक्षेपकावरून जर्मनमध्ये आणि नंतर इंग्रजीत काही सांगितले जात होते. दातेरी चाकाच्या विवेचनात मी इतका रमलो होतो, की यांपैकी कशाकडेही माझे लक्ष गेले नाही.

दहा-बारा मिनिटांत त्स्वायल्युचिनेन आले. गाडी थांबली, कुठेतरी लोखंडाचा खडखडाट झाला, एक हलका धक्का बसला. पत्नीने विचारले, "काहो, काय झालं?" मी सांगितले, "भुसावळला डबे जोडतात ना, तसे काही जोडत असतील." जोडत नव्हते, तोडत होते. ही गाडी रोजच तेथे दोन होते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. नद्या जेथे एक होतात, नेमके तेथेच गाडीचे दोन भाग होतात.

पुढे एका वळणावर सबंध गाडी दिसली. सवयीने मी डबे मोजले. मोजणीत तूट आली. पुन्हा मोजले, तीच तूट. रोकड जुळत नाही त्या संध्याकाळी रोखपालाच्या पोटात जो गोळा उठतो, तो मी नोकरीत अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिला होता. स्वतःच्या पोटात प्रथमच अनुभवला. समोर बसलेल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले. त्यांनी हाताची दोन बोटे इंग्रजी व्ही अक्षरासारखी फाकवून दाखवली. एका बोटाला म्हणाल्या "लाउटरब्रुनेन", दुसऱ्याला "ग्रिंडेलवाल्ड". हे स्पष्टीकरण पत्नीलाही समजले.

माझ्या तोंडून निघाले, "पोट्टं एका जागी बसत नाही कधी!"

पत्नी शांतपणे म्हणाली, "बस कुठेही, गाडी एकच आहे, असं तुम्हीच म्हणालात."

त्यानंतर लाउटरब्रुनेनपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. ती नवकार म्हणत होती. मी मनातल्या मनात यादी करीत होतो. त्याच्याजवळ तिकीट नाही, पासपोर्ट नाही, पैसे नाहीत, फोनला सिम नाही. हे सर्व माझ्याजवळ. आमच्याजवळ अन्न नाही, पाणी नाही. ते सर्व त्याच्याजवळ. दोन किल्ल्यांची माझी व्यवस्था आता दोन दऱ्यांत विभागली गेली होती. मध्येच मुलाच्या डाळमिलमधील फोन वाजतो आहे आणि मी त्याला हे सांगतो आहे, असे दृश्य डोळ्यांसमोर येई आणि मी खिडकीबाहेर पाहू लागे. तो जगप्रसिद्ध धबधबा कुठेतरी बाहेरच असावा. मला दिसला नाही.

स्थानकाच्या खिडकीवरील तरुणीला मी जे इंग्रजी बोललो ते माझ्या बँकेतील पत्रव्यवहाराला शोभणारे नव्हते. तिने माझे बोलणे मध्येच थांबवले, फोन उचलला, जर्मनमध्ये काही विचारले आणि हसली. "निळे जाकीट? मोठी बॅग? तो ग्रिंडेलवाल्डला आहे. बाकावर बसला आहे. आमचे लोक आत येऊन बस म्हणतात, तर तो उठायला तयार नाही."

ते ऐकले आणि माझे पाय थरथरू लागले, ते आनंदाने. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गर्दीच्या दिवशी जाताना मी त्याला लहानपणापासून बजावत आलो होतो: चुकलास तर शोधत फिरायचे नाही. जिथे आहेस तिथे बसून राहायचे. आम्ही येतो. शिरपूरचा तो नियम तो ग्रिंडेलवाल्डच्या फलाटावर पाळत होता. त्याला पुढच्या गाडीने इकडे पाठवा, असे मी म्हणणार होतो. पत्नीने माझा दंड धरला. "तो बसला आहे ना? मग आपण जायचं." तरुणीनेही तेच सुचवले आणि पुढे धीर देण्यासाठी म्हणाली, की अशी चुकामूक इथे पुष्कळांची होते. त्याने धीर आला, अपमान मात्र कमी झाला नाही.

पुन्हा त्स्वायल्युचिनेनला उतरलो. ग्रिंडेलवाल्डच्या गाडीला वेळ होता. पत्नीला पाणी विचारण्यात अर्थ नव्हता. उकळलेले पाणी त्या बाकावर होते. दुपार होत आली होती आणि सकाळपासून तिच्या घशाखाली थेंब उतरला नव्हता. त्याबद्दल तिने एक शब्द काढला नाही. आम्ही फलाटावर बसलो, आणि तिथे मला मूर्तिजापूर आठवले.

जुन्या वाचकांना शकुंतला आठवत असेल. मूर्तिजापूरहून तिची एक शाखा कारंजावरून यवतमाळला जाई, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरी दर्यापूर, अंजनगावकडून अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गावर आणण्यासाठी इंग्रज कंपनीने घातलेली ही अरुंद लोहवाट स्वातंत्र्यानंतरही त्या खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते. आता त्या रुळांत गवत आहे.

१९७४ च्या उन्हाळ्यात मी पंधरा वर्षांचा होतो आणि कारंजाला आत्याकडे प्रथमच एकटा निघालो होतो. मूर्तिजापूरला उतरून छोटी गाडी उभी दिसली तशी एकाला विचारले, "शकुंतला हीच ना?" तो "हो" म्हणाला. त्याचे काहीच चुकले नव्हते, दोन्ही शकुंतलाच. बऱ्याच वेळाने मी सहप्रवाशाला विचारले, कारंजा कधी येईल? सारा डबा हसला. दर्यापूरला उतरवून दिले तेव्हा सूर्य कलला होता आणि मी रडकुंडीला आलो होतो. स्थानकाजवळच धान्याचे दुकान असलेल्या एका गृहस्थांनी मला हाक मारली. "कोणाचा रे तू?" मी नाव सांगताच त्यांनी पश्चिमेकडे पाहिले आणि बाकी काही न विचारता म्हणाले, "आधी जेवून घे, दिवस बुडतो आहे." रात्री त्यांच्याकडे झोपलो. सकाळी त्यांनी तिकीट काढून गाडीत बसवून दिले. त्या काळी कारंजाला एक दिवस उशिरा पोहोचलेल्या पाहुण्याचे कोणाला नवल वाटत नसे. घरी परतल्यावर वडिलांनी विचारले, "उशीर का झाला?" मी म्हणालो, "गाडी चुकली."

मराठी भाषेने माझ्यावर फार मोठे उपकार केले. गाडी चुकली म्हणजे ती निघून गेली, असेही होते आणि भलत्याच गाडीत बसलो, असेही. वडिलांना पहिला अर्थ लागला असे मी मानले आणि दुसरा पंचेचाळीस वर्षे कोणालाही सांगितला नाही. पत्नीलाही नाही. त्स्वायल्युचिनेनच्या फलाटावरही नाहीच सांगितला.

ग्रिंडेलवाल्ड १,०३४ मीटर उंचीवर आहे. गाडी स्थानकात शिरली तेव्हा आमचा नातू एका बाकावर, सॅक मांडीवर घेऊन, तिच्या दोन्ही पट्ट्यांत हात अडकवून बसलेला दिसला. मी रागावायचे ठरवले होते. त्याने आम्हाला पाहिले, पण तरीही तो उठला नाही, आम्ही अगदी जवळ गेल्यावरच उठला आणि आजीला म्हणाला, "आजी, थर्मास उघडला नाही. पाणी गरम असेल अजून." पत्नीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग ती रडली. मी तिकिटे मोजू लागलो.

त्याची हकिगत अशी. गाडी सुटल्यावर तो नदीचे चित्रण करीत होता. पाणी काळे दिसले. त्याला आठवले, पांढरी लाउटरब्रुनेनची आणि काळी ग्रिंडेलवाल्डची. म्हणजे आपण दुसऱ्या दरीत आहोत. त्याची अट ती हीच: चूक त्याची त्यालाच आणि नदीवरून कळली, हे मी स्पष्ट लिहावे. मी लिहिले. तेवढ्यात तपासनीस आला. तिकीट? आजोबांकडे. आजोबा कुठे? याच गाडीत. तपासनीस म्हणाला, या गाडीत आता एकही आजोबा नाहीत. दंड करण्याऐवजी त्याने पुढे फोन केला आणि नातवाने त्याला एक खाकरा दिला. पाणी आधी काळे झाले की तपासनीस आधी आला, याविषयी आमच्यात आजही एकमत नाही.

शेजारी बसलेल्या एका बाईंनी त्याला बन देऊ केला होता. त्यात अंडे आहे काय, हे त्यांना सांगता येईना, म्हणून तो तसाच कागदात गुंडाळलेला होता. चिवड्याचा डबा मात्र बराच हलका झाला होता. त्याबद्दल चौकशी केली नाही.

स्थानकाच्या बाहेर हिरवळीकडेला एक बाक मिळाला. समोर आयगरचा ३,९६७ मीटरचा कडा उभा होता. पत्नीने हात धुतले, नवकार म्हटला आणि ती एकासनाला बसली. आमच्या साऱ्या सहलीत इतके सुंदर जेवणघर आम्हाला दुसरे मिळाले नाही. जेवताना ती बोलत नाही, म्हणून नातू माझ्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आजोबा, पप्पांना सांगू नका ना." मी "नाही सांगत" म्हणून गेलो, आणि मग मला राहवेना. मी त्याला मूर्तिजापूर सांगितले. शकुंतला, दर्यापूर, सगळे. तो इतका हसला, की जाणारे-येणारे वळून पाहू लागले. मग त्याने विचारले, "तुम्ही तुमच्या बाबांना काय सांगितलं?"

"गाडी चुकली, असे सांगितले. खोटे नव्हते ते."

पाठशाळेत चार कषाय पाठ केलेला मुलगा तो. क्षणभर विचार करून म्हणाला, "खोटं नाही, पण ती माया झाली, आजोबा."

एमकॉमला मला असा परीक्षक भेटला नव्हता. पत्नीचे जेवण चालू होते म्हणून ती बोलली नाही, परंतु तिने माझ्याकडे पाहिले.

संध्याकाळी अकोल्याला फोन लागला तेव्हा त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि पप्पांना सर्व स्वतःच सांगितले. फक्त पप्पांनी बाहेर कोणाला सांगू नये, एवढी अट घातली. मुलगा माझ्याशी बोलला तेव्हा हसू दाबत होता. "बाबा, तिकिटं एकेकाची एकेकाजवळ ठेवा," एवढेच म्हणाला.

माझे सांगायचे राहिले होते आणि ज्यांना सांगायचे ते वडील हयात नव्हते. त्या वर्षी संवत्सरीनंतर खमतखामणासाठी मी नातवाला घेऊन कारंजाला आत्याकडे गेलो. मोटारीने, कारण आता दुसरा मार्ग नाही. आत्या सत्याऐंशीची आहे, कानाने कमी, बाकी लख्ख. मिच्छामि दुक्कडम् म्हणून झाल्यावर मी तिला म्हणालो, की १९७४ साली मी तुझ्याकडे एक दिवस उशिरा आलो होतो, त्याचे कारण मी खरे सांगितले नव्हते. दर्यापूरचे नाव काढताच तिने हात वर करून मला थांबवले.

"ते ठाऊक आहे. त्या दुकानदारांनी तुझ्या बाबांना पोस्टकार्ड टाकलं होतं. मुलगा सुखरूप आहे, काळजी नसावी. तू घरी पोचायच्या आधीच पोचलं होतं ते."

मी विचारले, "मग बाबा कधी काही बोलले कसे नाहीत?"

"वाट पाहत होता. म्हणाला, सांगेल तो आपणहून." तिने खिडकीतून बाहेर पाहिले. उन्हे पिवळी झाली होती. तिने आतल्या सुनेला हाक मारली आणि पाने घ्यायला सांगितली.